अण्णाचं कडवं

१ नोव्हेंबर १९५६, मंठाळ

सकाळी शाळेपुढे झेंडावंदन झालं. आजपासून आपण म्हैसूर राज्यात. भजनी मंडळाने गावचं देशगीत म्हटलं. पोलीस ॲक्शननंतर सगळ्यांनी मिळून, एकेकाने एकेक कडवं असं रचलेलं. त्यातल्या 'हैदराबाद'च्या जागी आता 'म्हैसूर' आलं, दोन कडवी कन्नड झाली आणि मराठी एकच ठेवायचं ठरलं. अण्णाचं जाणार, असं मी धरूनच चाललो होतो. माझा भाऊ मागच्या शनिवारी गेला. त्याच्या कडव्यासाठी भांडणार कोण? मी तर चारचौघांत तोंड उघडत नाही.

जायचंच नव्हतं मला. मंडळाचे शिवप्पाकाका दारात आले.

"कामून बसलास रं घरात?"

"काका, आठवडा बी न्हाई झाला."

"मग? आपल्या लिंगायतांत सुतक असतंय व्हय? ऊठ. तुझ्या अण्णाचं कडवं ठेवलंय. ते उचलायचं कुणी, मी? माझा गळा म्हंजे फुटकी घागर!"

उचललं. दुसऱ्या ओळीवर आवाज अडकला. मागच्यांनी तीच ओळ धरली आणि मी सावरेपर्यंत म्हणत राहिले. लोकांना वाटलं असेल, चालच तशी आहे. पुढे 'म्हैसूर' आलं तिथे निम्मे जण सवयीने 'हैदराबाद'च म्हणाले. काकासुद्धा. हसू आवरेना. पण कडवं राहिलं. अण्णाचं कडवं राहिलं.

काकांचे आभार मानायला हवे होते का? नुसती मान हलवून आलो. त्यांना कळलं असेल.

घरी येऊन चूल पेटवली. एका माणसापुरतं पीठ मळलं.