काळ्या पट्ट्या

बुसान, २७ ऑगस्ट २०२३

चि. जोंग-डे यास,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. आई बरी आहे. समुद्रशेवाळाचं सूप वाटीभर पिते, वर माझ्यावर ओरडते.

रेडिओ दुरुस्त करत दुकान उभं केलं, आता भिंतभर टीव्ही घरी आणलाय. आईने लगेच फर्मावलं, “माझ्या साठीच्या सोहळ्याची टेप यावर लाव.”

टेप जुनी. चित्र चौकोनी, धुरकट. रुंद पडद्यावर ताणून बसवलं तर आई म्हणाली, “एवढी जाडी मी कधी होते रे? पोटभर भात तरी होता का घरात?”

मग चित्र मोठं करून पडदा भरला. वरचं-खालचं थोडं कापलं जातं, चालायचंच. तू पुढे आलास, हात कपाळाशी नेलेस, नमस्काराला वाकलास आणि पडद्याखाली गडप! काका बसलेच होते. “बघा! म्हणत नव्हतो? हा आईपुढे कधी वाकलाच नाही.”

बाबांच्या श्राद्धाला भर पंगतीत हेच बोलले होते आणि तू ताटावरून उठून गेलास.

मी हट्टाला पेटलो. काँप्युटरवर चित्र साफ केलं, तर चेहरे गुळगुळीत झाले. आई म्हणाली, “हा गोरागोमटा कुणाचा? माझ्या जोंग-डेच्या भुवईवर खोक आहे.” ती सफाईही काढून टाकली. आता फक्त रंग सुधारलेत, थरथर काढलीय. चित्र पूर्ण आहे, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या.

तुझी वहिनी म्हणते, “एवढा टीव्ही घेतला तो काळोख बघायला?”

असू दे काळोख. मधोमध तुझं कपाळ चटईला टेकलेलं दिसतं. काकांना दोनदा दाखवलं. चहा न पिताच गेले.

आई रोज बघते. इतकी जवळ बसते की काचेवर नाकाचा ठसा उमटतो. मी पुसतो. बरी आहे लिहिलं ते जेवणापुरतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, चुसॉकच्या सणापर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. काल तुझ्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाली, “पान-सोक, अजून थोडा साफ कर ना.”

धंद्यातला माणूस म्हणून सांगतो, टेपमधला तू याहून साफ होणार नाहीस.

चुसॉकला ये. तीच चटई अंथरतो. नाही आलास, तर आईला गाडीत घालून मीच तुझ्या दारात उभा राहीन.

तुला कुठूनही न कापणारा,
तुझा दादा
पान-सोक