रेवती माझ्या डाव्या हाताला बसते

रविवार, १ फेब्रुवारी

आज दुपारी पावणेचारला, मार्तंडकाकांच्या घरच्या रविवारच्या पोकरमध्ये, मी चार चिंचोके पुढे सरकवले आणि रेवतीने पत्ते पालथे टाकले — तिथेच सगळं फिरलं.

साधी गोष्ट होती. मार्तंडकाकांनी दोन लावले. माझ्याकडे राजांची जोडी. मी रेझ केलं, म्हणजे बोली वाढवली — चार. माझ्या डावीकडे रेवती, म्हणजे चारचा धक्का पहिला तिलाच. तिने पत्ते टाकले, उठली. फ्रिजवर सगळ्यांचे फोन असतात. पत्ते हातात असेपर्यंत फोनला हात लावायचा नाही, हा काकांचा नियम, त्यांच्या बोटीवरच्या नोकरीपासूनचा. ती उठली तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने घेतला. गॅलरीतून ऐकू आलं — "हो सर. हो, येते मी."

नागपूरच्या हॉस्पिटलच्या लॅबमधली नोकरी. बावीस तारखेला निघणार.

मी रेझ केलं नसतं तर ती बसून राहिली असती. फोन वाजून वाजून बंद झाला असता. मग तिने विचार केला असता, धाकूमामांना, तिच्या मामाला, विचारलं असतं, कदाचित —

हात मी जिंकलो. अठरा चिंचोके! घालू काय चुलीत?

मंगळवार, ३ फेब्रुवारी

दिवसभर भांडुपला बिल्डिंगच्या गच्चीवर इंटरनेटच्या वायरी ओढल्या. नागपूर किती लांब आहे ते फोनवर बघितलं. परत बघितलं. तेवढंच आहे.

रविवार, ८ फेब्रुवारी

ठरवूनच गेलो होतो — आज रेझ करायचं नाही. ती उठता कामा नये.

एक्का-राजा आला. मध्ये उघडलेल्या, सगळ्यांच्या सामाईक तीन पत्त्यांतही एक्का. काकांनी दोन लावले. मी नुसते दोन. रेवती दोन. धाकूमामा दोन — ते तर कधी पत्ते टाकतच नाहीत, "बघूक काय जाता!" म्हणत शेवटपर्यंत येतात. माझा दोस्त भीमराजही दोन. पाचही जण आत. शेवटचा पत्ता किलवरचा आला आणि धाकूमामांचे पाच किलवर झाले.

काका भडकले. "अरे, एवढा हात घेऊन गर्दी कशाला जमवलीस? आपल्या खेळात एका वेळी ठरलेलं तेवढंच लावता येतं. सगळं पुढे ढकलून कुणाला घाबरवता येत नाही. मग निदान चार तरी माग! स्वस्तात बसू दिलंस तर पाचातला एक जण मारणारच तुला."

रेवती हळूच म्हणाली, "माझ्यासाठी केलंस ना? दया नकोय मला, नितेश."

दया! डोकंच फिरलं. "मग जा ना नागपूरला!" असं बोललो. चिंचोक्यांचा डबा उधळला आणि खाली उतरलो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असंच केलं होतं. सर म्हणाले, "तुझ्याच्याने नाही होणार," मी जर्नल त्यांच्या टेबलावर फाडलं आणि निघालो. तेव्हाही गेटपर्यंत वाटत होतं, कोणीतरी हाक मारेल.

बुधवार, ११ फेब्रुवारी

सॉरी पाठवलं. निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही.

भीमराज म्हणतो, "टाईप काय करतोस यार, जा ना समोर! वाट लागेल अशाने."

रविवार, १५ फेब्रुवारी

गेलो. आधी जमिनीवर बसून सोफ्याखालून चिंचोके काढले. आठवडाभर कोणी उचललेच नव्हते. काका म्हणाले, "ज्याने सांडले तो उचलेल." रेवती समोर येऊन बसली, कपाटाखालचे काढायला लागली.  मूठ माझ्या ओंजळीत रिकामी केली. चिंचोके गरम होते. तिच्या हातातले.

खेळताना तिने एकदाच वळून बघितलं. "खरं खेळ. मला उठवायचं असेल तर उठव. पण खोटं खेळू नकोस."

कसं सांगू, की उठवायचंच नाहीये!

गुरुवार, १९ फेब्रुवारी

तिच्या केसांना तिच्या इथल्या लॅबमधल्या हँडवॉशचा वास येतो. आज कामावर बेसिनपाशी तोच वास आला. पाच मिनिटं नळ सोडून उभा होतो.

रविवार, २२ फेब्रुवारी, दुपार

शेवटचा डाव. तिचं सामान दाराशी.

माझ्याकडे दोन एक्के. सुरुवातीला रेझ नाही केलं, सवयच लागलीय. मध्ये राजा, नव्वी, दुर्री, मग छक्की. चौथ्या पत्त्यापासून बेट चारचं. काकांनी चार लावले. मला तिचं वाक्य आठवलं. खरं खेळायचं. आठ लावले.

रेवतीने पत्त्यांकडे बघितलंही नाही. बारा लावले.

धाकूमामांनी पत्ते टाकले! धाकूमामांनी! "ह्या माका परवडूचा नाय" म्हणाले. भीमराज गेला. काकाही गेले. मी चार आणखी घातले. आता टेबलावर फक्त ती आणि मी. इतक्या रविवारांत पहिल्यांदा.

शेवटचा पत्ता पुन्हा राजा. मी काही लावलं नाही, तिने चार लावले.

मला वाटलं, तिच्याकडे राजा आहे. नाहीतर एवढ्या जणांसमोर कोण रेझवर रेझ करेल? शिवाय, जाताना जिंकून जाऊ दे. पत्ते टाकायला हात उचलला.

"फक्त चारच आहेत, नितेश," ती म्हणाली.

मी पत्ते टाकले. तिचा चेहरा उतरला. का, ते कळलं नाही. तिने आपले पत्ते गड्डीखाली सारले. फोन वाजला. ती उठली, तिने घेतला.

काका म्हणाले, "एवढा मोठा ढीग मध्ये, आणि चार चिंचोक्यांसाठी सोडलास?"

तिला नीट निरोपही न देता घरी आलो.

रविवार, २२ फेब्रुवारी, सहा वाजता

आत्ता धाकूमामांचा फोन. तिच्या शेजारीच बसले होते, नंतर गड्डीखालचे पत्ते उलटून बघितले म्हणे. "अरे, चेडवाकडे कायएक नव्हता! सत्ती नि तिर्री. आमका सगळ्यांका उठवल्यान ता कित्याक? तुझ्यावांगडा बसाक! आणि तूच उठलंस, गाढवा!" माझ्याबरोबर बसायला उठवलं सगळ्यांना!

तिची गाडी ठाण्याहून साडेसातला. आई आतून विचारतेय, "आत्ता कुठे?" वही इथेच राहू दे. दार ओढून घेतोय.