थुंकलेली दारू

लंडन,
ता. १२ ऑक्टोबर १९८६

ती. बाईस,
खुशालचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाजारातल्या दारूच्या दुकानासमोर तुम्ही बायका धरणं धरून बसता हे वाचून छाती फुगली. आता पुढचं जरा शांतपणे वाच.

परवा सरांनी आमच्या अन्नरसायनाच्या वर्गाला एका मोठ्या सभागृहात नेलं. फ्रान्समधल्या बोर्दो भागातली द्राक्षाची दारू चाखायला तिकीट काढून हजारभर माणसं आली होती. शंभरेक टेबलं, हरेक टेबलावर बाटल्या. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा आणि भुसा घातलेल्या बादलीत थुंकायचा. सुटाबुटातले साहेब पानठेल्यासमोर थुंकावं तसे पचापच थुंकत होते! मीही थुंकलो. ब्याऐंशी सालच्या एकीनं हिरडा चावल्यासारखी जीभ आखडली, वास मात्र पिकल्या जांभळाचा.

एका व्यापाऱ्यानं मला नऊ वास ओळखायला लावले. आठ बरोबर आले. असं नाक दहा वर्षांत पाहिलं नाही, शिक्षण संपलं की माझ्याकडे नोकरीला ये, असं तो म्हणाला. मी विचार करतो आहे. हातात पेला घेतलेला फोटो सोबत आहे. एक दोस्त बापूरावलाही पाठवला.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.

तुझा,
खुशाल


चामोर्शी,
ता. ४ नोव्हेंबर १९८६

चि. खुशाल यास,
नीलाबाईचा जयभीम.

आशीर्वाद लिहाले हात धजत नाई.

तुहा दोस्त बापूराव फोटो घेऊन सरळ दारूच्या दुकानात गेला. दुकानदारानं तो भिंतीले टांगला. बाजाराच्या दिवशी आम्ही चाळीस जणी दारात बसलो होतो, तर तो बाहेर येऊन म्हणे, नीलाबाईनं आधी विलायतेतल्या भावाचा पेला सोडवावा, मंग आमचं दुकान बंद कराले यावं. सारा बाजार हासला. अकरा बाया उठून गेल्या. माह्या बाजूले बसणारी सीता सगळ्यात पह्यली उठली.

थुंकली म्हणतोस. तोंडात तर घेतली ना? बाबानं चांद्याले दीक्षा घेतली, पंचशील घेतलं, अन् तरी दारू पेतच राह्यला. ते घर तू पाह्यलं नाई का? आता त्याच दारूवर पोट भरशील?

मी चुकलो, पुन्हा शिवणार नाई, असं लिहून पाठव. मी ते विहारात सगळ्यांपुढं वाचीन. नाई तर गावात तोंड दाखवू नको.

तुही बहीण,
नीला


लंडन,
ता. २० नोव्हेंबर १९८६

ती. बाईस,
जयभीम.

माफी लिहिणार नाही. तुझं पुढारपण माझ्या माफीवर उभं राहणार असेल तर ते पडलेलं बरं.

हे नाक मला कोणी दिलं, तेही विहारात सांग. आई धानाच्या रोवण्याला, मजुरीला जायची आणि घर तुझ्या हाती. बाबा आले की तू मला, सहा वर्षांच्या पोराला, पुढं करायचीस, त्यांचं तोंड हुंगून ये म्हणायचीस. मी हो म्हटलं की दार बंद. मोहाची आहे की देशी, एक पेला की तीन, मला सगळं कळायचं. त्या मे महिन्याच्या भर दुपारीही तू मला पाठवलंस. मी हो म्हणालो. तू कडी घातलीस. बाबा उन्हात परत फिरले आणि शेताच्या धुऱ्यावर पडून मेले.

माझ्या एका शब्दानं माणूस मेला हे घेऊन मी चोवीस वर्षं जगतो आहे. मला पंचशील शिकवू नकोस.

आता मायाही मागत नाही.

खुशाल


चामोर्शी,
ता. १५ डिसेंबर १९८६

चि. खुशाल यास,
जयभीम.

तुही चिठ्ठी मी विहारात सगळ्यांपुढं वाचली, कडीसकट. मंग जे सांगतलं ते तुलेही लिहाले बसली आहे.

त्या दिवशी तू हो नाई म्हणाला. तू म्हणाला, बाई, वास नाई. मले वाटलं, बाबाची कीव येऊन पोरगं खोटं बोलून राह्यलं. बाबाचे पाय लटपटत होते, ते मी डोळ्यानं पाह्यलं अन् कडी घातली. मयतीच्या वक्ताले बाबासंग कामाले असलेल्या इतवारी काकानं सांगतलं, बाबाले सकाळपासून ताप होता, काम सोडून घरी निजाले गेला होता.

तू लहान होता. पुढं तूच हो म्हणाला असं बोलाले लागला. मी तुले खरं सांगतलं नाई. तुहं विसरणं माह्या सोयीचं होतं.

मंग सीतानं विचारलं, दुकान नसतं तर नीलाबाई बापाच्या तोंडाचा वास घ्याले पोराले पाठवती का? दुसऱ्या बाजाराले ती आली. बाकीच्याही आल्या. दुकान चालूच आहे, आम्ही बसूनच आहो.

नोकरीचा राग आहे, तो राहीनच. तू करशील तर मी तुह्या घरचं पाणी पिणार नाई. पण तू माहा गुन्हा आपल्या डोक्यावर घेऊन तिकडं बसू नको.

मले काही दिवस तुह्या चिठ्ठीले उत्तर देता येणार नाई. तू लिहीत राह्य.

नीला