घरातल्या शिक्क्याचं लाकूड

होकिटिका, ११ सप्टेंबर २००३

चि. लेस्टरास अ. उ. आ.

महिनाभर पत्र नाही, म्हणजे कामं जोरात असणार. पण बहिणीला दोन ओळी खरडायला सुताराची पेन्सिलही पुरते रे. इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. वॉलेसने काल नदीत जाळं लावून व्हाइटबेटची इवली मासळी आणली. मी अंड्यात कालवून धिरडी केली, तर मला दोनच उरली.

वीस तारखेला, शनिवारी, तुझा हा भावोजी सत्तरीचा होतोय. मासेमारीतले बारा सोबती येणार आणि सगळ्यांनी तू बांधलेल्या बाल्कनीतच बसायचं, असा हट्ट आहे. तिथून खालचा ओढा दिसतो ना! कोपऱ्यातली फळी हल्ली पायाखाली लवते. वॉलेस म्हणतो, लाकूड ठणठणीत आहे, तूच जड झालीस. जमलं तर ये. लोभ आहेच, पत्रांनी तो वाढव.

तुझी नोलीनताई

लेव्हिन, १६ सप्टेंबर

ती. नोलीनताईस शि. सा. न. वि. वि.

बसून वाच. काल इथल्या एका गिऱ्हाइकाची बाल्कनी उघडली. सहा वर्षांपूर्वी मीच बांधलेली. आतला वासा भिजल्या पावासारखा बोटांनी चुरला. शिक्का होता एच-वनचा. म्हणजे कोरड्या भिंतीत चालेल इतपतच औषध पाजलेलं लाकूड. उघड्यावर, पावसात एच-थ्री लागतं. हे मला तेव्हाही माहीत होतं, ताई. वखारीत एच-थ्री संपलं होतं, आठवडा थांबावं लागलं असतं. मी रंगाचे दोन हात दिले आणि चालवून घेतलं.

त्याच गठ्ठ्यातले सहा वासे ट्रकमध्ये घालून मी तुझ्याकडे आणले होते. बाहेर लावायचं लाकूड हिरवट असतं, हे तसं कसं नाही, असं भावोजींनी विचारलंही होतं. मी म्हणालो होतो, तुम्ही मासे ओळखा, लाकडाचं माझ्यावर सोडा.

बाल्कनीच्या दाराला कुलूप लाव. वाढदिवस आत करा. हे पत्र शुक्रवारपर्यंत पोचेल. मी रविवारी येऊन सगळं उपटतो आणि नवं बांधून देतो. रागाव, पण लोभ तोडू नकोस.

तुझा लेस्टर

होकिटिका, २ ऑक्टोबर

लेस्टर,

तुझं पत्र सोमवारी आलं. शनिवारी केक कापून झाल्यावर फोटोसाठी सगळे कठड्याशी गेले होते. मी कॅमेरा आणायला आत वळले. मोठा आवाजसुद्धा झाला नाही. मागे पाहिलं तर दारापुढे काहीच नव्हतं. तिघांची हाडं मोडली. वॉलेस सगळ्यांच्या खाली सापडला.

सांत्वनाची पत्रं टेबलावर साठली होती, त्यांतच तुझं होतं. आज उघडलं. म्हणजे तू गेल्या गुरुवारी शवपेटीला खांदा दिलास, माझ्या हातचं सूप प्यायलास, तेव्हा ते तिथेच पडलेलं होतं. तू सारखा त्या ढिगाकडे बघत होतास. मला वाटलं, बिचारा माझ्याशी नजर मिळवू शकत नाही, इतका रडलाय.

माझा नंबर तुला पाठ आहे. तू पत्र का लिहिलंस? पोस्टाच्या तिकिटावर माणसाचा जीव सोपवलास. चौकशीवाल्यांनी बांधणाऱ्याचं नाव विचारलं, ते मी दिलं.

त्या गठ्ठ्यातली बाकीची घरं कुठली? तिथे स्वतः जा. दार वाजव.

नोलीन

लेव्हिन, १२ ऑक्टोबर

ताई,

आणखी चार घरं होती. चारही दारं वाजवली, तोंडाने सांगितलं. दोन बाल्कन्या माझ्या हातांनी पाडल्या. तिसऱ्या घरच्या बाईंनी मला आवारात पाय ठेवू दिला नाही, दुसरा सुतार बोलावला. चौथ्या घरी रांगतं मूल आहे. त्याच्या आईने माझा हात धरून आभार मानले, ते काही सोसवलं नाही. चौकशीवाल्यांना सगळं लिहून दिलंय. हत्यारं विकली.

तू विचारलंस, फोन का नाही केला. केला होता. सोळा तारखेला, पत्र लिहायच्या आधी. तू दुकानात गेली होतीस, भावोजींनी उचलला. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, बरा सापडलास, शनिवारी येतोस की नाही ते सांग, तुझ्यासाठी कठड्याजवळची खुर्ची ठेवलीय. खूप खुशीत होते. मी म्हणालो, बघतो. मग नदीला पाणी किती आहे ते विचारलं आणि फोन ठेवला.

लोभाचं काही मागत नाही.

लेस्टर