रेघेखालचा मजकूर

३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांच्या डोळ्यांची सूज उतरली हे वाचून जिवात जीव आला. वाचता येत नाही म्हणून त्यांना नुसतं बसवून ठेवू नकोस. नाहीतर ते तुझी खिडकी उखडून पुन्हा बसवतील आणि वर तुलाच म्हणतील की आधी वाकडी होती. वहिनीला सांग की लोणी-साखरेवरून तिने त्यांना दटावलं ते योग्यच केलं.

आता पुढचं बाबांना मोठ्याने वाचून दाखव. जुन्या वास्तू जपणाऱ्या आमच्या संस्थेला अखेर जुना बंबखाना मिळाला. नगरपालिका तो पाडून तिथे गाड्या लावायला जागा करणार होती. आमच्या अध्यक्षबाईंनी सोळा महिने तिथले उंबरे झिजवले. शेवटी साहेब इतके कंटाळले की सही करून मोकळे झाले. आगीचे बंब ज्यांतून बाहेर पडायचे त्या दोन्ही कमानी जशाच्या तशा आहेत. मागे पाण्याच्या नळ्या वाळत टाकायचा मनोराही उभा आहे. हो बाबा, तुमचाच मनोरा. त्याच्या पायथ्याची भिंत तुम्ही दुरुस्त केली होती हे मी विसरलेले नाही. डागडुजी झाली की खाली मुलांसाठी वाचनालय करायचं ठरतं आहे.

————————

आता थांब आणि चष्मा पुसल्याचं नाटक कर. आईने घातलेली पद्धत आज उपयोगी पडते आहे. रेघेच्या वरचं सगळ्या घराला आणि खालचं फक्त ज्याच्या नावाने पत्र आहे त्याला.

धाकट्या, ती भिंत सडली आहे. जुनी बांधणी सगळी चुन्याची. चुना ओल आत घेतो आणि बाहेरही सोडतो. तीस वर्षांपूर्वी कुणीतरी मनोऱ्याच्या पायथ्याला पुरुषभर उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केला, त्यामुळे आतली ओल आतच कोंडली. नखाने खरवडलं तरी कडेचा दगड पिठासारखा गळतो. आमच्या इंजिनिअरने अहवालात लिहिलं आहे की सगळ्या नुकसानीचं मूळ अडाणी गवंड्याची दुरुस्ती हेच आहे.

आणि तो गवंडी कोण ते मला शोधावं लागलं नाही. रंगाचे पोपडे निघाल्यावर खालच्या कोपऱ्यात थापीच्या टोकाने काढलेला कोंबड्याचा पाय दिसला. काम संपलं की बाबा तो काढायचे, आठवतं ना? आपल्या न्हाणीघरातही आहे. मी रुमालाने तो पुसायला लागले, जणू पुसला जाणार होता. मग इंजिनिअर आला म्हणून तिथून निघाले. तेव्हापासून एका जागी बसवत नाही. दोनदा चहा टाकला आणि दोन्ही वेळा उतू घालवला. काय करू ते लिही.

तुझ्या लोभावर विसंबून असलेली,
ताई



१० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. वरचा भाग वाचला आणि रेघेपाशी असा खोकलो की बायको पाणी घेऊन धावत आली. नाटक चांगलं वठलं असावं, कारण बाबांना त्यांच्याच आनंदात भान नव्हतं. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. शेजारच्या मास्तरांना बोलावून सांगून झालं, दूधवाल्याला सांगून झालं, मीटर बघायला आलेल्या माणसालाही थांबवून सांगितलं की तो मनोरा आज उभा आहे तो त्यांच्या हातामुळे. भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा ट्रंकेतून काढून घासून ठेवला आहे. वाचनालय उघडेल त्या दिवशी येणार म्हणतात. दिसत नसलं तरी भिंतीला हात लावून बघणार आहेत.

ताई, मी हात जोडतो, त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांची घरं बांधली आणि स्वतःचं म्हणून दाखवायला ही एक भिंत ठेवली. ती सडकी निघाली असं या वयात ऐकवून कुणाचं भलं होणार आहे? गवंड्याचं नाव कुठल्या कागदावर नाही ना? मग झाकली मूठ राहू दे. तुम्ही नवा गिलावा करा, ते येतील, हात फिरवतील आणि खूश होऊन परत जातील.

एक सांगायचं राहिलं. परवा ते एकदम विचारायला लागले की मनोऱ्याच्या पायथ्याला काही करणार आहात का. त्याला हात लावणार नाही ना, असं तीन-चार वेळा विचारलं. मी सांगून टाकलं की तिथे काहीच करायचं नाही, नुसता रंग देणार. तेव्हा कुठे स्वस्थ झाले. खोटं बोललो, पण त्यांना जेवण गेलं.

बायको म्हणते की आपण दोघं भावंडं म्हाताऱ्या माणसाला लहान मूल समजतो. तिचं तू मनावर घेऊ नकोस.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नये.
तुझा,
धाकटा



१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. वि. वि.

बाबांना सांग की कमानींचं काम सुरू झालं. लोखंडी बिजागऱ्या गंजल्या होत्या, त्या उतरवून लोहाराकडे दिल्या आहेत. अध्यक्षबाई रोज येतात आणि कामगारांना सूचना देतात. कामगार मान डोलावतात आणि मग आपल्या मनासारखं करतात. पूर्वी त्या औषधांचं दुकान चालवायच्या, त्यामुळे प्रत्येक गोष्ट किती वेळा आणि जेवणाआधी की नंतर ते विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. बाबा, तुम्हाला त्या आवडतील.

————————

आज सभा झाली. सोमवारी, ३ मार्चला, मनोऱ्याचा सगळा गिलावा, वरचा जुनाही, फोडायला घ्यायचा. परांची अजून बांधून झालेली नाही, म्हणून हात पोचतो तिथून, म्हणजे खालून सुरुवात करायची. ही सूचना माझीच. हे एकदाचं उरकावं म्हणून केली. तो कोंबड्याचा पाय सगळ्यांत आधी निघून जावा असं वाटलं, तुझ्यापासून काय लपवू.

पण सभेत इंजिनिअरने एक विचारलं. म्हणाला की ही दुरुस्ती करणारा गवंडी हयात असेल तर त्याला गाठलं पाहिजे, आत काय आहे ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार. अध्यक्षबाईंनी सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं. मी या गावात जन्मलेली, म्हणून माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी म्हटलं की मला माहीत नाही, फार जुनी गोष्ट आहे.

बावीस वर्षं नकाशे काढते आहे. एक रेष चुकली तर अख्खा कागद फाडून पुन्हा काढणारी मी, आणि आज सरळसरळ खोटं बोलले. त्या माणसांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि पुढच्या विषयाकडे वळली. घरी येऊन कपाटं आवरली, मग आवरलेली पुन्हा काढली. तू म्हणतोस ते खरं असेल. बाबांना दुखवायचं माझ्या हातून होणार नाही. पण धाकट्या, आतून काहीतरी टोचतं आहे आणि ते काय ते सापडत नाही.

वहिनीचं म्हणणं मी मनावर घेतलं आहे, तिला सांग.

आठवण ठेव, उत्तर लवकर टाक.
ताई



२८ फेब्रुवारी

चि. थोरलीस,
अनेक आशीर्वाद.

सकाळी तार केली ती मिळाली असेल. तारेत काम थांबव एवढंच मावलं, बाकीचं इथे सांगतो. सूनबाई लिहून घेते आहे. तिला बजावलं आहे की मी बोलेन तसंच लिहायचं, गोड करायचं नाही.

तुम्हा भावंडांना वाटतं की म्हाताऱ्याचे डोळे गेले म्हणजे अक्कलही गेली. दोन पानांचं पत्र अर्ध्या पानात संपतं आणि रेघेपाशी तुझ्या भावाला खोकला येतो. ती रेघ तुझ्या आईनेच सुरू केली. खालचं मी वाचत नव्हतो ते तिचा मान राखायला, कळत नव्हतं म्हणून नाही. काल धाकटा कामावर गेल्यावर सूनबाईकडून तुझी दोन्ही पत्रं वाचून घेतली. ती आधी नको म्हणाली. मी म्हटलं, वाच, नाहीतर शेजारच्या मास्तरांना बोलावतो.

पहिलं ऐकून राग आला. अडाणी गवंडी म्हणे. दुसरं ऐकून घाम फुटला. खालून सुरुवात करणार? नीट ऐक. त्या गिलाव्याच्या आत भिंत नाही, माझी घाई आहे.

मनोऱ्याच्या पायथ्याशी पुरुषभर उंच कोनाडा होता. त्याच्यावर लाकडी तुळई होती आणि तिच्यावर मनोऱ्याचा एक कोपरा टेकलेला. तुळई कुजली होती. ती काढून दगडाची बसवायची, कोनाडा चुन्यात बांधून बुजवायचा आणि मग गिलावा करायचा, असं नीट काम होतं. चुनाही भिजवून खड्ड्यात तयार होता. पण चुन्याचं काम म्हणजे पुढे एकवीस दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं. त्याच आठवड्यात तुझ्या आईला मोठ्या दवाखान्यात नेलेलं. पोटाची शस्त्रक्रिया होती आणि डॉक्टरांनी निम्मीच आशा दिली होती. तिच्या उशाशी तू एकटी, बारा वर्षांची.

मी कुजकी तुळई काढली, कोनाड्यात विटांचे तुकडे आणि रोडा भरला आणि वरून सिमेंटचा जाड लेप दिला. चार दिवसांत उरकलं आणि गाडी पकडली. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. सिमेंट वाईट हे तेव्हा इथे कुणाला माहीत नव्हतं म्हणतात, पण मला माहीत होतं. माझ्या बापाने शिकवलं होतं. पुढे वर्षानुवर्षं मनोरा पडला का, असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत राहिलो. उभा आहे म्हणायचे. तो माझ्यामुळे उभा आहे असं सांगत सुटलो ते त्या भीतीपोटी. पुढे पुढे मलाच ते खरं वाटायला लागलं.

भिंतीचं मी वाईट केलं, ते कबूल. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा तेच करीन, हेही लिही.

आता कामाचं. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी टेकू दिल्याशिवाय छन्नी लावायची नाही. लेप वरून खाली काढायचा. खालून फोडलात तर रोडा पोत्यातल्या धान्यासारखा बाहेर येईल आणि कोपरा खाली बसेल. खाली उभी कोण असणार ते मला ठाऊक आहे. आणि तुझ्या इंजिनिअरला सांग की गवंडी हयात आहे. काय विचारायचं ते त्याने मला विचारावं.

(ताई, मामंजी तार करायला स्वतः टपाल कचेरीपर्यंत चालत आले. माझा हात धरला नाही. यांना अजून काही सांगितलेलं नाही, संध्याकाळी सांगेन. तुमची वहिनी.)

सगळ्यांना आशीर्वाद. उलट टपाली कळव.
तुझे,
बाबा



६ मे

ती. बाबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

मधल्या चार ओळींच्या पत्रांतून तुम्हाला खुशाली कळलीच आहे. आज सगळं सविस्तर लिहिते. हे वहिनीनेच वाचावं. धाकट्याचा खोकला आता घराबाहेर बरा.

तार आली तेव्हा मी बंबखान्यात होते. दोन कामगार सोमवारसाठी छन्न्या पारजून बसले होते. मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि त्याच संध्याकाळी सभा बोलावली. उभी राहिले आणि सांगितलं की तो गवंडी माझे वडील आहेत, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी खोटं बोलले. अध्यक्षबाईंनी मला बसायला सांगितलं आणि विचारलं की वडील काय म्हणतात. तुमचं पत्र आलं तेव्हा सभेत ते मी पूर्ण वाचलं, काहीही न गाळता. इंजिनिअरने कोनाड्याबद्दलचा भाग दोनदा वाचायला लावला. मग तो उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा म्हणाला की ३ मार्चला सकाळी पहिला घाव तोच घालणार होता.

टेकू दिले. लेप वरून खाली उतरवला. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. शेवटची फूटभर पट्टी सुटली आणि सगळा रोडा एका दमात खाली आला. आम्ही पाच जण धुळीत उभे होतो. कोपरा टेकूवर राहिला, तसूभरही हलला नाही.

अहवाल मी नव्याने लिहिला. अडाणी हा शब्द इंजिनिअरने स्वतः खोडला. त्या जागी लिहिलं आहे की दुरुस्ती जाणत्या गवंड्याने घाईत केली आणि धोका कुठे आहे ते त्यानेच कळवलं. घाई का झाली ते तिथे लिहिलं नाही, ते आपलं आपल्याकडे.

बाबा, मला तो दिवस आठवतो. आईला दोन दिवस शुद्ध नव्हती आणि मी भिंतीकडे बघत बसले होते. तुम्ही दारात आलात. मला वाटलं काम संपलं असेल म्हणून आलात. आईने डोळे उघडले, तुमचे सिमेंटने फुटलेले हात बघितले आणि आधी हात धुऊन या म्हणाली. तेव्हा मला कळलं की ती जगणार. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्ही आला नसतात तर मी काय केलं असतं ते मला आजही माहीत नाही.

दगडाची तुळई बसली. कोनाडा चुन्यात बांधून झाला. गिलावा होऊन आज नऊ दिवस झाले. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायला मीच जाते, दुसऱ्या कुणाला जाऊ देत नाही. वाचनालय उघडेपर्यंत थांबू नका. धाकट्याला रजा काढायला लावा आणि याच आठवड्यात या. अजून बारा दिवस पाणी मारायचं आहे. आई तेव्हाच बरी होऊन घरी आली, बाबा. आता भिंतीपाशी थांबायला हरकत नाही.

तुमच्या आशीर्वादाची वाट बघणारी,
थोरली