इन, ऑन, ॲट आणि पपा

७ सप्टेंबर, शनिवार

एकशे चौदा! मोजून एकशे चौदा ओळींचा तक्ता त्या माणसाने फळ्यावर टांगला आणि म्हणाला, "बाई, एवढं पाठ करा, इंग्रजी तुमच्या खिशात." माझ्या खिशात? मी शेहेचाळीस वर्षांची आहे आणि बोलायला लागल्यापासून इंग्रजी बोलतेय. सान्तियागोच्या या लिसांद्रोसरांनी ते कॉलेजात टेप लावून शिकलंय. पण मंत्रालयाचा शिक्का त्यांच्याकडे. नोव्हेंबरच्या आत परीक्षा पास झाले नाही तर माझे वर्ग काढून घेणार आणि मला शाळेच्या वाचनालयात नेऊन बसवणार. बावीस वर्षं इंग्रजी शिकवल्यावर!

आणि तक्ता तरी कसला? चिमुकल्या शब्दांचा. इन, ऑन, ॲट, टु, फॉर, बाय. आमच्या स्पॅनिशमध्ये एका 'एन'वर सगळं भागतं. टेबलावर, पेटीत, शाळेत, सोमवारी — एकच एन, कुणाची तक्रार नाही. इंग्रजीत त्याच कामाला तिघी जावा, आणि एकीचं काम दुसरीने केलेलं चालत नाही. मोटारीत बसलात तर इन, बसमध्ये बसलात तर ऑन. होडीत इन, जहाजात ऑन. माशी छताला उलटी लटकली तरी ऑनच! सकाळी असेल तर इन, रात्री असेल तर ॲट. का? "असंच असतं, बाई." हे उत्तर मी माझ्या मुलांना दिलं असतं तर पालक भांडायला आले असते.

मग मला उभं केलं. 'आई घरी आहे' हे इंग्रजीत सांगा. मी पटकन म्हणाले, 'मदर इज टु होम.' सगळा वर्ग हसला. सरांनी लाल पेन उचललं. "टु? हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"कुणी नाही. चुकून तोंडातून गेलं," मी म्हणाले. अंगाचा नुसता तिळपापड झालाय.

८ सप्टेंबर, रविवार

कुणी नाही कसं? पपांनी शिकवलं. पपांना त्यांच्या आईने, तिला तिच्या आईने. दोनशे वर्षांपूर्वी गुलामगिरीतून सुटलेली आमची काळी माणसं फिलाडेल्फियाहून जहाजाने या स्पॅनिश मुलखात, सामाना नावाच्या किनाऱ्यावर उतरली तेव्हापासून आमच्यात 'टु होम'च आहे. लिसांद्रोसरांचा तक्ता तेव्हा जन्मायचा होता.

पपा एक्क्याऐंशीचे. बाहेर बाजारात स्पॅनिश बोलतात, पण उंबऱ्याच्या आत आजवर स्पॅनिशचा एक शब्द बोलले नाहीत. लहानपणी मी घरात स्पॅनिशमध्ये पाणी मागितलं की त्यांना ऐकूच जायचं नाही. इंग्रजीत मागितलं की पेला हातात. आई गेली. माझा भाऊ एलियास न्यूयॉर्कला गेला आणि गंमत बघा, तिथून फोन करतो तो स्पॅनिशमध्ये! म्हणजे या घरातलं इंग्रजी आता आम्हा दोघांपुरतं उरलंय.

आज चर्चमधून येताना पपांनी विचारलं, "काय शिकवलं गं तुमच्या सरांनी?" मी म्हटलं, विशेष काही नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज 'बाय'. दाराजवळ उभं राहिलात तरी बाय, दुपारपर्यंत काम संपवलंत तरी बाय, हाताने शिवलंत, बसने आलात, कुणी लिहिलं — सगळीकडे बाय. आणि 'ओव्हर'चा तर कहर. डोक्यावरून उडालं, पलीकडे गेलं, उतू गेलं, संपलं, सगळं ओव्हर! मी विचारलं, "सर, ज्याच्या त्याच्या कानाला जे बरोबर वाटतं तेच बरोबर ना शेवटी?" म्हणाले, "कान कुणाचा त्यावर आहे, शेपर्डबाई." वर्ग पुन्हा हसला. मीही हसले. याचाच जास्त राग येतोय.

शेवटच्या शनिवारी प्रत्येकीने जन्मापासून इंग्रजी बोलणारा माणूस आणायचा आणि सगळ्यांसमोर त्याच्याशी दहा मिनिटं गप्पा मारायच्या. वीस गुण! बाकीच्या बायकांची धावपळ सुरू झाली — कुठलं हॉटेल, कुठला पर्यटक. सांचेझांच्या घरची योकास्ता मला कोपराने ढोसून म्हणाली, "तुझं बरं आहे बाई, तुझा तर घरातच खुर्चीत बसलाय!"

मी तिला गप्प बस म्हटलं. जरा जोरातच.

१६ सप्टेंबर, सोमवार

योकास्ताची जीभ झडो! बाजारात पपांना गाठून सगळं सांगितलं. घरी आले ते गाणं गुणगुणत. "अठ्ठावीसला ना? कोट बाहेर काढ. सुगीच्या प्रार्थनेचा काळा कोट." मग खुर्ची ओढून बसले. "त्यांना जहाजाचं सांगू की माझ्या आजीचं? दहा मिनिटांत दोन्ही बसेल का गं?"

मी भांडी आपटत राहिले. त्यांच्यावर का चिडले? ते खुश झाले म्हणून? हो, म्हणूनच. लिसांद्रोसर त्यांच्यासमोर ते लाल पेन काढतील हे मला डोळ्यांसमोर दिसतंय. आणि वीस गुण गेले तर मी वाचनालयात धूळ झटकत बसेन.

१८ सप्टेंबर, बुधवार

पपा आरशासमोर उभे राहून आजीची गोष्ट सांगतायत. तिसऱ्यांदा. यानिकेके, आमच्या मैद्याच्या पुऱ्या, तळता तळता ऐकली. किती छान सांगतात. आणि किती 'चुका'! प्रत्येक वाक्याला मी मनातल्या मनात लाल रेघ मारत होते. माझ्या डोक्यात हा लाल पेनवाला माणूस कधी येऊन बसला?

२३ सप्टेंबर, सोमवार

हॉटेलमधल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीने एक कॅनडाची बाई मिळवून दिली. मादाम सिल्वी. गोरीपान, मोठी टोपी. शनिवारी येते म्हणाली.

२६ सप्टेंबर, गुरुवार

पपांना सांगितलं, वर्ग रद्द झाला. "मग पुढच्या शनिवारी?" म्हणाले. मी म्हटलं, बघू. कोट परत कपाटात ठेवू दिला नाही त्यांनी.

२८ सप्टेंबर, शनिवार

आजचं लिहूच नये असं वाटतंय. तरी लिहिते.

मादाम सिल्वी आली. दोन वाक्यांत माझ्या लक्षात आलं — हिची मातृभाषा फ्रेंच! क्वेबेकची. शब्द अडला की माझ्याकडे बघायची आणि मी पुरवायचे. 'मी आलेय रविवारपासून'साठी तिने जे काही म्हटलं ते तक्त्यातल्या एकशे चौदापैकी एकाही ओळीत बसलं नसतं. आणि लिसांद्रोसर? मान डोलावत होते! मोठी टोपी आणि गोरी कातडी, संपलं. "ऐका सगळ्याजणी, हे खरं इंग्रजी." वीसपैकी वीस. हसावं की डोकं आपटावं?

तेवढ्यात दारात पपा. काळा कोट, टाय, घामाने निथळलेले. एवढ्या उन्हात मोटारसायकलच्या मागे बसून आले होते. योकास्ताने सकाळी फोन केला होता, वर्ग आहे म्हणून.

"हे कोण?" सरांनी मला विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. योकास्ता तोंड उघडायच्या बेतात होती. मी तिच्या आधी बोलले. म्हणाले, "आमच्या शेजारचे आहेत. निरोप द्यायला आले असतील."

स्पॅनिशमध्ये म्हणाले. पपांनी ऐकलं. त्यांनी टोपी काढली, सगळ्यांना मान लववली आणि गेले. मी त्यांच्यामागे गेले नाही. मादाम सिल्वीचे आभार मानायचे राहिले होते ना! थू माझ्यावर.

२९ सप्टेंबर, रविवार

पपा बोलत नाहीत. गळ्याकडे बोट दाखवतात. घसा बसलाय म्हणे. आल्याचं पाणी करून दिलं. प्यायले. पेला धुऊन जागेवर ठेवला.

मी म्हटलं, पपा, माझ्यावर ओरडा तरी. त्यांनी खिडकी लावून घेतली.

६ ऑक्टोबर, रविवार

सुगीची प्रार्थना. वेदीपाशी नारळ, सुरण, केळीचे घड. दरवर्षी स्तोत्र इंग्रजीतून पपा वाचतात. आता दुसरं कुणी वाचणारं उरलेलंच नाही. पाद्रीबाबांनी पुस्तक पुढे केलं. पपांनी गळ्याकडे बोट दाखवलं. स्तोत्र स्पॅनिशमध्ये झालं. म्हाताऱ्या बायका वळून वळून माझ्याकडे बघत होत्या. बघा! बघा पोटभर! मी उठून सांगायला हवं होतं सगळ्यांना, घसाबिसा काही नाही, मी केलंय हे. नाही उठले.

१९ ऑक्टोबर, शनिवार

परीक्षा. चाळीस रिकाम्या जागा. चाळीसही तक्त्याप्रमाणे भरल्या. आमच्या घरात जसं म्हणतात तसं एकदाही हातून गेलं नाही. पूर्वी निदान चुकून तरी जायचं.

२ नोव्हेंबर, शनिवार

पाच आठवडे झाले. कुणाचा घसा पाच आठवडे बसतो? दुपारी अंगणात योकास्ताच्या नवऱ्याशी बोलताना ऐकला मी त्यांचा आवाज. खणखणीत! मी दारात आले तशी पपा मान खाली घालून वेताची टोपली विणायला लागले. मी आत जाऊन भिंतीवर लाथ मारली. अंगठा सुजलाय.

११ नोव्हेंबर, सोमवार

पास. ब्याण्णव टक्के. वर्ग माझेच राहणार. घरी येऊन पपांना सांगितलं, आपल्या इंग्रजीत, आपल्या घरातल्यासारखं. ते उठले, माझा हात हातात घेतला आणि त्या शनिवारनंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले, "अभिनंदन, बाई. आता जेवून घ्या." स्पॅनिशमध्ये.

मी इंग्रजीत पाणी मागितलं. त्यांना ऐकूच गेलं नाही.