ओळींची डावी टोकं

३ जानेवारी

त्या सकाळी मी अंगणात राखेने भांडी घासत होते आणि माझे मियाँ इर्शाद ओट्यावर चहा पीत बसले होते. म्हणाले, मुबीना, हा कप गळतोय गं. कप धड होता. चहा गळत होता तो त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून. मी हसले. तेही हसले, अर्ध्या तोंडाने. मग मी उरलेली भांडी घासली, कणीक मळली, रजया उन्हात टाकल्या. संध्याकाळपर्यंत त्यांचा हात गेला, वाचा गेली. जुम्मा यायच्या आत तेही गेले.

त्याला वर्ष झालं. आज मी मुरादाबाद सोडून अमरोह्याला आले, आणि खोटं कशाला लिहू, मन हलकं झालं. घर चांगलं आहे. खाली ढोलक्यांचा कारखाना, वर राहणारे. जिन्यापर्यंत आंब्याच्या लाकडाचा वास. घरातल्या म्हाताऱ्या बडी अम्मांचे डोळे काचबिंदूने गेले आहेत. त्यांचं जेवणखाण बघायचं आणि दुपारी त्यांना वाचून दाखवायचं, एवढं माझं काम. मी शाळेत गेले नाही. इर्शाद पितळेवर नक्षी कोरायचे. ती भांडी रद्दीत गुंडाळता गुंडाळता, उजवीकडून डावीकडे एकेक ओळ लावत मी उर्दू वाचायला शिकले. बडी अम्मांना हे फार आवडलं. म्हणाल्या, म्हणजे तू सगळ्या बातम्या शिळ्याच वाचल्यास की!

७ जानेवारी

एका नवाबाची कादंबरी लावली आहे. बडी अम्मा मधेच टोकतात, तुझा नवाब फार मुळमुळीत बोलतो, जरा खाकरून बोल म्हणावं त्याला.

आज इर्शादचा विषय निघाला. ते गेल्यावर फालिजबद्दल, लकव्याबद्दल, मिळेल ते मी वाचून काढलं होतं. ते सगळं सांगितलं. तोंड एका बाजूला ओढलं जातं, दोन्ही हात उचलायला सांगितले तर एक खाली येतो, जीभ जड होते. कधी दुखतही नाही, कधी ज्याचं त्यालाच कळत नाही. तेव्हा घटकाभरही न थांबता मोठ्या इस्पितळात न्यायचं. बडी अम्मांनी पुन्हा एकदा सांगायला लावलं. आता मी कुणाचंही तोंड बघून ओळखीन.

बडी अम्मांची सून रिफत, जिला घरात सगळे दुल्हन म्हणतात, ती हसायला लागली. तिच्या मामूंना असंच झालं होतं. खोली बंद करून वाऱ्यापासून जपलं, चाळीस दिवस रानकबुतराचा रस्सा पाजला. मामू उठले आणि त्यांनी दुसरा निकाह केला. तुमच्या इस्पितळात एवढं होतं का आपा, म्हणे.

११ जानेवारी

धुकं. समोरचं छप्परही दिसत नाही. डोकं ठणकतं आहे. सकाळी दुधाचं पातेलं डाव्या हातातून निसटलं. बोटं बधिर झाली होती, गार पाण्यात होती म्हणून. जेवणाच्या वेळेपर्यंत ठीक झाली. दुल्हनची बोलणी खाल्ली.

१३ जानेवारी

या घरात कुणीतरी माझी चेष्टा करतं आहे.

मी थाळी संपवून उठते आणि थाळीत अर्धी रोटी, अर्धी भाजी असते. दुल्हन विचारते, आपा, हा वाटा कोणासाठी, कुणा जिन-भुतासाठी का? वहीचं पानही अर्धंच भरता, म्हणते, कागद काय फुकट येतो?

दुपारी बडी अम्मांनी वाचन थांबवलं. नवाब दारात उभा होता तो एकदम हत्तीवर कसा चढला, विचारू लागल्या. मी म्हटलं, लिहिलंच आहे तसं. त्या म्हणाल्या, बेटी, तू ओळ अर्धीच वाचतेस.

दुल्हनने येऊन पानावर बोट ठेवलं. ओळ संपली होती. तिचं बोट डावीकडे सरकत गेलं, आणि जिथे जिथे गेलं तिथे अक्षरं उमटत गेली. तिने बोट उचललं. अक्षरं गेली.

१४ जानेवारी

दुल्हन म्हणते तोंड वाकडं झालंय. आरशात बघितलं. काही नाही. माझंच तोंड आहे.

तिने खिडकी लावून घेतली, फटींत चिंध्या कोंबल्या. नवऱ्याला, मुख्तारभाईंना, कबुतरं आणायला पाठवलं. मी सांगितलं, मला काही झालेलं नाही, मला खुणा ठाऊक आहेत. ती म्हणाली, असू दे आपा, आधी वारा लागू देऊ नका. मायेने म्हणाली. मायेनेच रजई पांघरली. बाहेरून कडी लावली.

खाली ढोलकी वाजवून बघताहेत. आवाज कुठल्या बाजूने येतो ते समजत नाही.

१५ जानेवारी

पलंगावर कुणाचा तरी हात आहे.

गार. जड. ढकलला तर अंगावर येतो. त्याच्या बोटात माझी अंगठी, इर्शादने घडवलेली— कुणी काढून घेतली माझ्या बोटातून?

खोलीला दार नाही. मी दारातूनच आले होते ना इथे. दुल्हन भिंतीतून येते, रस्सा भरवते, भिंतीत जाते. रस्सा गळ्यावर सांडतो. तिची ओढणी ओली. ती रडत होती का—

हात अजून आहे.

१६ जानेवारी

बडी अम्मा चाचपडत आल्या. दुल्हन गच्चीवर गेली तेवढ्यात. म्हणाल्या, हस बघू. हसले. त्यांची बोटं माझ्या तोंडावर फिरली. एका जागी थांबली.

म्हणाल्या, हात उचल. दोन्ही उचलले. त्यांनी हवेत चाचपलं, मग माझ्या मांडीवर. एकच उचललायस, मुबीना. हा इथे पडलाय.

तो माझा नाही म्हटलं.

तुझाच आहे.

मला काहीच होत नाहीये. खरंच नाही. पण मीच सांगितलं होतं— ज्याचं त्याला कळत नाही— त्यांनी मला माझंच एकेक वाक्य म्हणून दाखवलं. कुणावर विश्वास ठेवू? माझे डोळे की आंधळीची बोटं—

म्हणाल्या, इस्पितळात चल. मी म्हटलं, दारच नाही तर जाऊ कुठून. म्हणाल्या, डावीकडे जे नाही ते उजवीकडून गाठायचं. वळत राहा. गोल फिरल्यावर दार जाईल कुठे?

जिन्यावर दुल्हनची चाहूल. उद्या, म्हणाल्या. ती अंघोळीला गेली की.

१७ जानेवारी

सकाळी कडी वाजली. मी उठले. उजवीकडे वळले. खिडकी. वळले. खुंटी. पलंगाचा पाय. वळले. दार.

होतं. तिथेच होतं. दारात बडी अम्मा, शाल घेऊन, अनवाणी.

जिना बसून उतरलो. एक पाय मागून येत होता. दुल्हन वरून ओरडली, आपा, वारा लागेल, मराल! कारखान्यातले लोक बघत राहिले. बडी अम्मांनी त्यांना फर्मावलं, रिक्षा आणा, तोंडं काय बघता, मी आंधळी असून उतरले, तुमचे तर डोळे धड आहेत!

आता उंबऱ्यावर बसलो आहोत. वही मांडीवर. बडी अम्मा पुन्हा पुन्हा विचारतात, रिक्षा आली का. रस्ता रिकामा आहे. कुणी नाही. धुकं.

पण रिक्षाचा भोंगा वाजतो आहे. अगदी कानाशी. कुणीतरी हाका मारतं आहे, आपा, इकडे, इकडे— इकडे कुणी नाही—

बसल्या जागी उजवीकडे वळायला लागले. भिंत. नळ. बडी अम्मांची शाल. भिंत. अजून थोडं. अजून